कोन्सोल वन्संना, पेटलेल्या रमविषयी

ग्राऊ, बंदरामागची आळी
जून, मंगळवार सकाळ

आदरणीय कोन्सोल वन्संना रेमेईचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात शाबूत आहेत, हे आधीच सांगून टाकते.)

विनंती विशेष. तुमचं पत्र गुरुवारी पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि मी आधी खुर्चीत बसले, मग पाणी प्यायले, आणि मग ते फोडलं. तुमचा गुडघा आता कसा आहे? तेरुएलला जूनमध्येही पहाटे शाल लागते असं तुम्ही लिहिता, तर त्या जिन्यावरून उतरताना कठडा धरत जा. कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. घर जागेवर आहे. त्याला छप्परही आहे. एन्कार्नाने फोनवर तुम्हाला "अर्धं घर जळालं" असं सांगितलं, ते खरं नाही. एन्कार्ना आमची शेजारीण आहे, देव तिचं भलं करो, पण तिच्या तोंडातून बातमी निघते तेव्हा माश्याचा देवमासा झालेला असतो. जळाला तो टेबलावरच्या मेणकापडाचा एक कोपरा आणि गास्पारच्या बोटीवरच्या डोरोची टोपी. टोपी जुनीच होती.

तुमच्या तिन्ही आज्ञा मी फ्रिजवर चिकटवून ठेवल्या आहेत. पहिली, घरातले सगळे लायटर समुद्रात टाकायचे. दुसरी, गॅस काढून विजेची शेगडी बसवायची. तिसरी, तुमच्या भावाला, गास्पारला, यापुढे आगीजवळ जाऊ द्यायचं नाही. आणि संत पेरेच्या सणाच्या शनिवारी तुम्ही स्वतः येऊन हे सगळं डोळ्यांनी पाहणार. वन्सं, तुमची आज्ञा मला शिरसावंद्य आहे. गेली चौतीस वर्षं मी तुम्हाला एकदाही उलट बोललेली नाही, आणि त्याला माझ्या चांगल्या स्वभावापेक्षा माझी भीतीच जास्त कारण आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शेगडीवाल्याला सोमवारी यायला सांगितलं होतं. (त्याचं पुढे लिहिते.) पण तुम्ही विचारलंत की हे सगळं झालं कसं, तर ते नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. एन्कार्नाची आवृत्ती तुमच्याकडे आहेच, आता माझीही असू द्या.

आगीला मी किती भिते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या डोंगरातल्या गावी जानेवारीत संत आंतोनीची होळी पेटते आणि पोरंटोरं, घोडे, म्हातारे, सगळे त्या जाळातून पळतात. सातव्या वर्षी मीही पळाले, आणि माझी एक वेणी पलीकडे पोचली नाही. तेव्हापासून मी काडी ओढायची झाली तर हात लांब करून, मान वळवून ओढते. आणि नशीब बघा, लग्न झालं ते अशा घरात जिथे दर शनिवारी सकाळी दहा वाजता जेवणाच्या टेबलावर रम पेटवतात. सून होऊन आले त्या पहिल्या शनिवारी तुमच्या आईने मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, आणि निळी ज्वाळा पळीतून वर आली तशी मी थेट रस्त्यावर. त्या दिवसापासून क्रेमाएतची, म्हणजे त्या जळत्या रम-कॉफीची, वेळ झाली की मला बाजारात काहीतरी आणायचं असतं. चौतीस वर्षं. आमच्या घरात मीठ कधी संपलं नाही, वन्सं, कारण मी दर शनिवारी एक पुडा आणत होते.

तर त्या शनिवारी, म्हणजे मेणकापडाच्या शनिवारी, नेहमीसारखेच चौघे जमले होते. गास्पार, डोरो आणि दोघे सेगार्रा बंधू. 'पास्तोरा' बोटीवर चौघांनी तीस वर्षं एकत्र काढली आणि बोट विकली गेली तरी शनिवारचं खाणं कोणी सोडलं नाही. शेंगदाणे झाले, ऑलिव्ह झाले, माझं बटाट्याचं ऑम्लेट पावात घालून झालं, खारवलेल्या सार्डिनीवरून जुनं भांडण झालं. मग गास्पार उठला. त्या बोटीवर रम जाळायचा मान इंजिनवाल्याचा, तो त्याने जमिनीवरही चालवला. रम, साखर, दालचिनीची काडी, लिंबाची साल, कॉफीचे दाणे, सगळं पातेल्यात. मी पिशवी उचलून दारापर्यंत गेले होते. मागून एकदम आरडाओरडा झाला. वर्षभर त्याचा उजवा हात थरथरतोय हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. शर्टाची बटणं मी लावायची आणि त्याबद्दल कोणी बोलायचं नाही, असं आमचं चाललं होतं. त्या दिवशी भरलेली पळी वर नेताना ते बाकी तिघांनाही कळलं. जळती रम मेणकापडावर सांडली, तिथून डोरोच्या टोपीवर गेली. मोठ्या सेगार्राने वाइनचा जग ओतला आणि सगळं विझलं. ते हसले. खूप हसले. गास्पार हसला नाही.

आणि मग डोरो म्हणाला. डोरो तुम्हाला आठवतो ना? तुमच्या लग्नात ज्याने तुम्हाला नाचायला विचारलं आणि तुमच्याकडे बघूनच परत गेला तो. तोंडाने फटकळ, मनाने वाईट नाही, पण त्या पळीवर त्याचा वीस वर्षं डोळा. म्हणाला, "गास्पार, बोटीचा नियम काय? आगीवर सांडलं की पळी दुसऱ्याकडे. तूच मला ऐकवला होतास, त्या वादळात."

"आठवतंय," गास्पार म्हणाला.

"मग?"

धाकट्या सेगार्राला राहवलं नाही. "अरे, सणापर्यंत तर बघू या. दोन शनिवार आहेत. पुन्हा सांडली तर संत पेरेला पळी तुझी, डोरो. आता गप गिळ ते ऑलिव्ह."

गास्पारने पळी मोरीत ठेवली आणि कॉफी न घेता आत जाऊन झोपला. झोपला म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडला. वन्सं, तुमचे वडील समुद्र सोडल्यावर कसे भिंतीकडे तोंड करून बसायचे, ते मी फक्त ऐकलंय. तुम्ही पाहिलंय. सात वर्षं बसले, असं तुमची आई सांगायची. मी दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आगीपेक्षा जास्त भीती वाटली. घर जळेल ही एक भीती. आणि घर जळणार नाही, पळी डोरोकडे जाईल, शनिवारी दहा वाजता तिघे डोरोच्या घरी जमतील, आणि हा इथे भिंत बघत बसेल, ही दुसरी. तुमच्या तीन आज्ञांनी पहिली भीती जाते. दुसरीचं काय करायचं ते तुमच्या पत्रात नाही.

म्हणून तुमचं पत्र यायच्या आधीच मी ठरवलं होतं की क्रेमाएत मीच शिकायचं. हसू नका. मंगळवारी आणि गुरुवारी तो हाताच्या व्यायामाला दवाखान्यात जातो, दहा ते साडेअकरा. माझा बेत साधा होता. शनिवारी मी आधीच करून ठेवायचं, पेले आणून ठेवायचे आणि गास्पारने केलं म्हणून सांगायचं. (तो बेत फुकट होता. हे लोक डोळ्यांनी न पाहिलेली आग पीत नाहीत, हे मला नंतर कळलं. चौतीस वर्षं मीठ आणायला जाण्याचे असे तोटे.) पहिल्या मंगळवारी मी संत बार्बाराची प्रार्थना केली. आगीपासून तीच राखते. पण तिच्यापुढे मेणबत्ती लावायची म्हणजे काडी ओढणं आलं, म्हणून मी बॅटरीवरची लावली. बार्बाराला हे आवडलं नसावं. पडदे काढले, कागद हलवले, बादली भरली, दोन टॉवेल भिजवून खांद्यावर टाकले, आणि केस ओल्या फडक्यात बांधले. एवढं करून रम पातेल्यात ओतली आणि काडी लावली, तर पेटेचना. सहा काड्या गेल्या. रम आधी गरम करायची असते हे मला कोण सांगणार? साडेअकरा वाजले, गास्पारची चावी दारात वाजली, आणि मी ओल्या टॉवेलांसकट दार उघडलं. "आंघोळ करत होते," म्हणाले. कपडे घालून, हो.

गुरुवारी मी जास्त शहाणपणा केला, आणि शहाणपणाने माझा घात केला. घराला धोका नको म्हणून मी सगळं मागच्या अंगणात नेलं. रम आत गरम केली, बाहेर स्टुलावर ठेवली, झाडूच्या दांड्याला चिमटा बांधला, चिमट्यात काडी धरली आणि दीड मीटरवरून पेटवायला गेले. बाहेर जूनचं अकराचं ऊन. काडी पातेल्यात गेली, आणि काही नाही. ज्वाळा नाही, धूर नाही. पुन्हा काडी. पुन्हा काही नाही. मला वाटलं, रम कमी पडली, म्हणून बाटली घेऊन जवळ गेले आणि वरून ओतायला लागले.

वन्सं, या बंदरातलं शेंबडं पोरही जाणतं की रमची आग उन्हात दिसत नाही. म्हणूनच ही माणसं भर सकाळी खिडकीची झडप पाडून अंधार करतात आणि मग पेटवतात. मला वाटायचं ते नाटकासाठी. ती रम पहिल्या काडीलाच पेटली होती आणि मी तिच्यावर वाकून अजून ओतत होते. भप्प असा आवाज झाला. बाटली मी टाकली, किंचाळले, बादली उपडी केली, ती निम्मी पातेल्यावर आणि निम्मी स्वतःवर. माझी उजवी भुवई गेली. दोरीवरच्या गास्पारच्या पायजम्याचा एक पाय गेला. तुळशीसारखं जपलेलं माझं बेसिलचं रोप गेलं. मी अंगणात चिंब उभी होते आणि तेवढ्यात भिंतीवरून एन्कार्नाचं डोकं वर आलं. तिने मला पाहिलं. खाली फुटलेली रमची बाटली पाहिली. मग नाक वर करून वास घेतला आणि एक अक्षर न बोलता डोकं खाली नेलं. एन्कार्ना गप्प बसली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

मधल्या शनिवारी गास्पारने पोटदुखीचं निमित्त काढलं आणि कोणी जमलं नाही. पुढच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात परत आले, झडप अर्धी पाडून, आणि आग दिसायला लागली. (दिसणं हे न दिसण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणते.) आता संकट थरांचं. तुम्हाला माहीत आहेच, खाली जळलेली रम, मध्ये काळी कॉफी, वर फेस, तीन थर वेगळे दिसले तरच ते क्रेमाएत, नाहीतर औषध. चमच्याच्या पाठीवरून कॉफी सोडायची असते. मी सोडली की सगळं गढूळ. पहिला पेला गढूळ, दुसरा गढूळ, तिसरा तडकला. आणि गढूळ झालं म्हणून जाळलेली रम मोरीत ओतायची, असं या आळीत कोणी करत नाही, म्हणून मी ते प्यायले. प्रत्येक वेळी. त्या मंगळवारी साडेअकराला मी मासे घ्यायला गेले आणि कोळणीला सांगितलं की तुझ्या माश्याचे डोळे फार दुःखी आहेत, त्याला परत सोड. तिने मला घरापर्यंत पोचवलं. उजवी भुवई मी पेन्सिलीने काढली होती, ती जरा वर गेली होती, त्यामुळे रस्ताभर मला कशाचं तरी फार नवल वाटतंय असं दिसत होतं.

शुक्रवारी रम सापडेना. कपाटात नाही, पिंपात नाही. शेवटी ती मला गास्पारच्या बोटीवरच्या जुन्या रबरी बुटात सापडली. मी बुटातून बाटली काढत होते आणि तो दारात उभा होता. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाला, "रेमेई, बस जरा."

मी बसले. बाटली मांडीवर. तो समोर बसला.

"एन्कार्ना म्हणाली, कोळीण म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही. कधीपासून पितेस? माझ्या हातामुळे ना?"

तो असं बोलला आणि त्याचा हात त्याच्या गुडघ्यावर नाचत होता आणि तो दुसऱ्या हाताने तो दाबून धरत होता. मला रडू आलं. मी म्हणाले, "अरे मूर्खा, मी पीत नाही, मी शिकतेय." आणि सगळं सांगितलं, झाडू, चिमटा, ऊन, पायजमा. त्याने माझ्या भुवईकडे निरखून पाहिलं. मग विचारलं, "उन्हात?" मी म्हणाले, हो. "बाटलीने वरून?" हो. त्यावर तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. भिंतीकडे तोंड करून नव्हे, हाताने धरली, एवढं मी पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. मग उठून झडप पूर्ण पाडली आणि म्हणाला, "ये इकडे, डोंगरची पोर. तुझ्या गावची आग निराळी आणि ही निराळी."

त्याने शिकवलं. पेटवलं मी, तो मागे उभा राहून सांगत होता. आता हलव, आता उचल, हळू, ज्वाळा पिवळी झाली की साखर जळतेय, निळी आहे तोवर घाबरू नकोस. मी निळी असतानाही घाबरत होते आणि पिवळी असतानाही. पण थर आले, वन्सं. तीन. पेल्याच्या बाहेरून दिसत होते. मी म्हणाले, मग शनिवारी मी करते, तू हाताला विश्रांती दे. त्याचं हसू गेलं. म्हणाला, "पळी माझी आहे. नाहीतर डोरोची. तुझी नाही, रेमेई. तू बोटीवर नव्हतीस." रागाने नाही म्हणाला. त्यामुळे जास्त लागलं.

आता गेल्या शनिवारचं. (डॉक्टरीणबाईंना मी आधी विचारून आले होते. तरुण आहे, कास्तेयो शहरातली आहे. मी विचारलं, पेटलेली रम त्याच्या हातात द्यावी का? तिने चष्मा काढला आणि विचारलं, साखर किती घालता? मग म्हणाली, हात बरा होणार नाही, बाई, पण माणूस बसून राहिला तर लवकर बिघडेल. याला मी परवानगी समजले.) तिघे आले, खाल्लं, आणि गास्पार उठला. डोरोने मुद्दाम नवी टोपी घातली होती आणि ती काढून खुर्चीखाली ठेवली. गास्पारने झडप पाडली. मी नेहमीप्रमाणे मिठाची पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, दार उघडलं, मोठ्याने बंद केलं, आणि आतच राहिले.

अंधार झाला. लायटरचा आवाज तीनदा झाला, चौथ्यांदा रम पेटली. निळी, बुटकी ज्वाळा टेबलावर, आणि त्या उजेडात मला पळी दिसली. पळी पातेल्याच्या काठावर टकटक वाजत होती. दात वाजतात तशी. मी भिंतीला लागून पुढे गेले आणि टेबलाच्या टोकाशी, तिघांकडे पाठ करून, त्याच्याजवळ घुसले. (तुम्ही एकदा माझ्या पाठीला कपाट म्हणाला होतात. त्या कपाटामागे त्या दिवशी तीन म्हाताऱ्यांना काही दिसलं नाही.) आणि मी पळीची दांडी धरली. ज्वाळा माझ्या हनुवटीपासून वीतभर. वन्सं, मी खोटं लिहिणार नाही, मला पळायचं होतं. पाय निघालेही होते. माझा हात असा कापायला लागला की रम पातेल्यात उड्या मारू लागली, आणि मला वाटलं, आता सांडणार, आणि यावेळी माझ्यामुळे सांडणार.

गास्पार माझ्या कानाशी अगदी हळू म्हणाला, "कोण थरथरतंय?"

मी म्हणाले, "मी."

"बरं," तो म्हणाला. आणि त्याने माझ्या हातावरून आपली मूठ आवळली, इंजिनाचा दांडा धरावा तशी. वन्सं, ती मूठ हलली नाही. वर्षभर ज्या हाताने बटण लागलं नव्हतं तो हात माझ्या हातावर दगडासारखा बसला. पळी वर गेली, निळी धार खाली आली, पुन्हा वर, पुन्हा खाली, थेंब सांडला नाही. त्याचा हात खरोखर थांबला की आमच्या दोघांच्या थरथरींनी एकमेकींना गिळलं, मला कळत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पुस्तकात नाही. मी अंधारात रडत होते आणि नाक ओढायची सोय नव्हती. ज्वाळा विझली तशी मी खाली वाकून टेबलाच्या कडेने रांगत दारापर्यंत गेले, दार पुन्हा वाजवलं आणि म्हणाले, "मीठ आणलं." झडप वर गेली. पेल्यांत कॉफी सोडली ती गास्पारने, एकट्याने, बाटलीला मनगट टेकवून, तेवढं त्याला जमतं.

डोरोने पेला उजेडात धरला. फिरवला. "थर आहेत," म्हणाला. प्यायला. "रम जरा जास्त जळलीय." आणि दुसरा मागितला. सेगार्रा बंधूंनी टेबल बडवलं. आणि दुपारी गास्पारने स्वतः बाहेर खुर्ची टाकली, रस्त्याकडे तोंड करून.

हे सगळं असं झालं, वन्सं. घर जळालेलं नाही. तुमच्या पत्रातला प्रत्येक शब्द काळजीपोटी आहे हे मी जाणते, आणि भीतीपोटीच आहे असंही मला वाटतं, कारण भीती मी शंभर पावलांवरून ओळखते. तुमच्या सगळ्या सूचनांचा मान राखूनच मी वागेन. शनिवारी तुमची वाट पाहतो. गुडघ्याला तेल लावा. कोंबड्यांना शेजारी सोपवून या.

तुमची, घाबरत घाबरत पण तुमचीच,
रेमेई

ता.क. शेगडीवाला सोमवारी वेळेवर आला, विजेची शेगडी खांद्यावर घेऊन. मी त्याला दारातूनच परत पाठवला. आमच्याकडे असं काही मागवलं नव्हतं, म्हणून सांगितलं. लायटर चार होते, तीन समुद्रात टाकले. हे मी पत्रात वर लिहू शकले असते, पण तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि लेखणी पुढे गेली.

ता.क. दुसरा. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. गेल्या शनिवारी जाताना डोरो दारात थांबला आणि गास्पारला म्हणाला, "तुझ्या हाताला कांद्याचा वास कधीपासून येतो रे?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सणाला मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार. झडपेचा पट्टा माझ्या हातात." म्हणजे त्याला माझा हात ओळखू आलाय. रम पेटली की तो पट्टा ओढणार, उजेड करणार, आणि माझं कपाट सगळ्यांना दिसणार. मग पळी गेली. तर माझी एकच विनंती. शनिवारी तुम्ही साडेनवाच्या आधी या आणि त्या खुर्चीत बसा. पट्टा तुमच्या हाताखाली असू द्या. तुम्हाला उठा म्हणायची हिंमत या अख्ख्या बंदरात कोणाची नाही, डोरोची तर मुळीच नाही. चौतीस वर्षं तुम्ही आम्हा सगळ्यांना घाबरवलंत, वन्सं. शनिवारी पाच मिनिटं अजून घाबरवा. मी खोकेपर्यंत झडप वर जाऊ देऊ नका.

ता.क. तिसरा. गास्पारला यातलं काही बोलू नका. त्याला वाटतं, मी आगीला भिते म्हणून माझा हात धरायला त्याला तिथे उभं राहावं लागतं. काल म्हणाला, "शनिवारी पुन्हा आलीस तरी चालेल, मी आहे." तसंच वाटू दे त्याला. खरंही तेच आहे.